पारी मोडणारा

भाऊंचं मला सगळ्यात जास्त काय खटकायचं असं कुणी विचारलं, तर मी त्यांचे पाय सांगेन. भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या राईस मिलच्या अंगणात उकडलेलं धान वाळत घातलेलं असायचं आणि हा साठीला टेकलेला माणूस पँट घोट्याच्या वर दुमडून, चपला पायरीशी काढून त्या धानातून पाय ओढत फिरायचा. कानाला फोन. फोनच्या त्या टोकाला पार उत्तरेकडच्या बर्फाच्या देशात बसलेलं कुणीतरी. धान पायानं उलटवायचं काम मिलमधल्या बायकांचं. भाऊ ते फुकटात करायचे आणि करता करता आमच्या उपग्रहासाठी दुसऱ्यांच्या अँटेना भाड्यानं घ्यायचे. बायका म्हणायच्या, भाऊ आले, आता आपण चहा घेऊ. माझ्यासाठी त्या बायकांनी कधी वाटेतलं सूपसुद्धा बाजूला सारलं नाही, आणि मी त्या मिलमध्ये भाऊंच्या दोन वर्षं आधीपासून होते.

आमची कंपनी लहान. मिलवाल्यांचा मुलगा बाहेर शिकून परत आला आणि त्यानं, म्हणजे आमच्या मालकानं, मिलच्या वरच्या मजल्यावर ऑफिस थाटलं, म्हणून आम्ही तिथे. कोंडा उडून कॉम्प्युटरच्या पंख्यात जायचा आणि महिन्याला एकदा सगळं खोलून झटकावं लागायचं. उपग्रह एकच, लहानखुरा, रडारवाला. धानाचा हंगाम म्हणजे ढगांचा हंगाम, तेव्हा ढगाआडून बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आणि तलाव पाहायचे तर साधा कॅमेरा कामाचा नाही. हा उपग्रह सकाळी आणि दिवेलागणीला आपल्यावरून जातो, चित्रं काढतो आणि पोटात साठवतो. पोट लहान, चित्रं जड. ते पोट रिकामं करायचं तर जमिनीवर अँटेना हवी, आणि एका अँटेनाच्या टप्प्यात तो राहतो जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात जे उतरलं ते उतरलं, बाकीचं पुढच्या फेरीला.

आता भंडाऱ्यावरून तो दिवसात तीन-चारदाच जातो. ध्रुवाजवळच्या गावांवरून मात्र जवळजवळ प्रत्येक फेरीला जातो. म्हणून मोठ्या कंपन्यांनी तिकडे अँटेना उभ्या करून ठेवल्या आहेत आणि आमच्यासारख्यांना त्या मिनिटांच्या भावानं भाड्यानं देतात. ही खरेदी करायला मालकानं भाऊंना आणलं होतं. आणि मला घेतलं होतं ते ही खरेदी कधी करावीच लागू नये म्हणून, म्हणजे मिलच्या गच्चीवर आमची स्वतःची अँटेना बांधायला.

थाळी म्हणायचे मी तिला. तिचा नकाशा माझा, हिशेब माझे. गच्चीच्या स्लॅबमध्ये स्टँडसाठी चार जाड बोल्ट बसवून घेतले होते ते मी स्वतः उभी राहून. मग पैशाची ओढाताण झाली आणि मालक म्हणाला, एक खरीप विकतच्या मिनिटांवर काढू. हंगामभर चित्रं वेळेवर उतरली तर थाळीची गरज नाही, नाही उतरली तर दिवाळीनंतर थाळी. म्हणजे भाऊंनी चुकण्यातच माझं भलं होतं. मी देवाला नवस वगैरे बोलले नाही, पण वाट मात्र रोज पाहिली.

ते चुकत नव्हते, हीच पंचाईत होती. भाऊ साकोलीच्या कापडदुकानदाराचे. इंजिनियर झाले, मोठ्या शहरांत टेलिफोनच्या कंपन्यांसाठी आयुष्यभर खरेदी केली आणि परत साकोलीला येऊन राहिले. पण मूळचं दुकान काही सुटलं नव्हतं. कुठल्याही अँटेना-स्टेशनचा विक्रेता मोठमोठी चित्रं दाखवायला लागला की भाऊ त्याला पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट दाखव म्हणायचे. उपग्रह क्षितिजावर उगवतो तेव्हाचं, आणि मावळतो तेव्हाचं. दहा मिनिटं म्हणून विकायची आणि कडेला डोंगर, झाडं, कुणाचा तरी टॉवर असल्यामुळे प्रत्यक्षात आठच मिळायची, हा त्या धंद्यातला जुना प्रकार. "कापडाचा काठ पाहाव," ते मला म्हणायचे. "मधात तं सगळ्यायचंच चांगलं असते." हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या थाळीच्या नकाशात मी क्षितिजाचा प्रत्येक अंश मोजला होता. पण मी अंश म्हणायचे आणि ते काठ म्हणायचे, आणि मालकाला काठ लक्षात राहायचा.

विक्रेत्यांशी ते फार वेळ बोलायचेच नाहीत. पाच मिनिटांत त्यांना वाटेला लावून म्हणायचे, आता तुमच्याकडे प्रत्यक्ष बटण दाबणारं कोण आहे त्याला फोन द्या. असा ऑपरेटर मिळाला की भाऊंची चपला काढायची वेळ झाली असं समजावं. मग धानातून फेऱ्या. तिथे बर्फ पडल्यावर अँटेनावरचा बर्फ कोण झाडतो, असं त्यांनी एकदा विचारलं. विक्रेत्यानं सांगितलं होतं की बाराही महिने अखंड सेवा. ऑपरेटर बाईनं सांगितलं की झाडणारा रविवारी येत नाही. भाऊंनी रविवारच्या फेऱ्या दुसऱ्या स्टेशनकडे घेतल्या आणि त्या बाईला किलोभर चिन्नोर पाठवला. पाकिटावर तांदूळ कसा धुवायचा, पाणी किती घालायचं, झाकण कधी काढायचं, सगळं लिहून. पुढच्या महिन्यात ती बाई स्वतःहून फोन करून विचारत होती की भात चिकट झाला, कुठे चुकलं. भाऊ अर्धा तास समजावत होते. त्यांचं इंग्रजी म्हणजे साकोलीच्या बसस्टँडवर बोलल्यासारखं मोठ्या आवाजात आणि मध्येच "बरं का". माझं इंग्रजी चांगलं आहे. मला कुणी भाताबद्दल विचारलं नाही.

उपग्रहाला ते उपग्रह म्हणायचे नाहीत. माहेरवाशीण म्हणायचे. घड्याळ पाहून वरच्या मजल्याकडे तोंड करून हाळी द्यायचे, "माहेरवासीन येऊन राहिली, पाट मांडा." पाट म्हणजे कुठल्या तरी दूर देशातली अँटेना, जी तेवढी दहा मिनिटं आमच्यासाठी मान वळवणार असायची. चित्रं नीट उतरली की म्हणायचे, जेवून गेली. अर्धवट उतरली की, उपाशी गेली. पोट भरणं की रिकामं होणं, हे त्यांच्या उपमेत उलटंसुलटं होतं हे मी त्यांना एकदा दाखवून दिलं. ते हसले आणि म्हणाले, माहेरी येऊन पोरगी बोलून मोकळी होते ते जेवणापेक्षा मोठं असते. मिलमधल्या बायका हे ऐकत होत्या. त्यातल्या एकीनं पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी मी संतापानं डबा न खाताच घरी गेले.

मी नदीपलीकडे भंडाऱ्यात खोली करून राहायचे. माझं गाव आसगाव, तिकडे पवनीकडे. आई-बाबा तिथे. जाणं व्हायचं ते सणावाराला. रविवारी फोन करायचे, तो आईशी. बाबा मागून विचारायचे, पैसा वेळेवर भेटते का, आणि आई ते मला सांगायची.

एका रविवारी फोन बाबांनी उचलला. म्हणाले, तुमचे भाऊ येऊन गेले. कोणते भाऊ, मी विचारलं. साकोलीवाले, स्कूटरवर आले होते, मोठा मोकळा माणूस आहे, आईनं वडा-पुरी केली होती, खूप आवडली. मला वाटलं काही कामानं पवनीला गेले असतील, वाटेत थांबले असतील. पण पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. माझ्या बापाच्या घरी जाण्याआधी त्यांनी मला विचारलं नव्हतं आणि जाऊन आल्यावर सांगितलंही नव्हतं. सोमवारी सकाळी मी त्यांना याबद्दल विचारलं तर म्हणाले, तुझे बाबा पाणकर आहेत हे तू कधी बोलली नाहीस.

बोलण्यासारखं त्यात काय होतं. आमच्या गावचा जुना तलाव आहे, त्याचं पाणी शेताशेताला वाटायला गाव एक माणूस नेमतं, तो पाणकर. कुणाच्या बांधीत कधी पाणी जाईल ते तो ठरवतो आणि त्या नंबराला पारी म्हणतात. बाबा हे काम करायचे म्हणजे माझ्या आठवणीत ते सारखे भांडून घरी यायचे. पायाला चिखल, आवाज बसलेला, आणि आल्यावर पुन्हा ओसरीवर बसून ज्याच्याशी भांडले त्याचे बापजादे काढायचे. मला त्यातलं काही ऐकावंसं वाटलं नाही. मी शिकत होते. ते भाऊंना ऐकावंसं वाटलं, आणि भाऊंना त्यातून जे मिळालं ते ऐकून मला काय झालं ते सांगते.

पुढच्या करारांच्या वेळी भाऊंनी प्रत्येक स्टेशनला पहिला प्रश्न भावाचा विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे पारी कोण मोडू शकतं? म्हणजे आम्ही वेळ घेऊन ठेवली आणि ऐनवेळी एखादं मोठं गिऱ्हाईक आलं, तर तुम्ही आम्हाला बाजूला सारता का? सगळेच सारायचे. करारात बारीक अक्षरात ते असायचंच. भाऊ म्हणाले, चालणार नाही. आसगावच्या तलावावर मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराचीसुद्धा टाप नव्हती पारी मोडायची. मोडायची ती एकाच माणसानं, ज्याचे पऱ्हे वाळून राहिले त्यानं, म्हणजे ज्याचं रोपच जळायला लागलं आहे. तसं आमच्या करारात लिहा, की ज्याचा उपग्रह संकटात आहे, मरायला टेकला आहे, तोच आमची वेळ घेऊ शकेल, दुसरा कुणी नाही. दुसरं म्हणजे, आम्हाला नको असलेली वेळ आम्ही दुसऱ्याला देऊ. विकणार नाही, देऊ. पारी विकत नसतात. आणि ज्यानं घेतली त्यानं ती न मागता परत द्यायची असते.

स्टेशनांचे वकील हैराण झाले. असा करार त्यांनी पाहिला नव्हता. पण त्या भातवाल्या बाईनं आणि तिच्यासारख्या दोघा-तिघांनी आतून रेटा लावला, आणि एका स्टेशननं मान्य केलं. मग दुसऱ्यानं. दक्षिणेकडची एक कंपनी होती, समुद्रातल्या होड्या पाहणारी, आमच्याहूनही लहान. तिच्याशी भाऊंनी पाऱ्यांची देवाणघेवाण लावून दिली. मालक बैठकीत म्हणाला की हे डोकं फक्त भाऊंचंच. मी समोर बसले होते. ते डोकं माझ्या बापाचं होतं आणि बाप माझा होता. पण हे कुठल्या तोंडानं सांगणार? मी त्याला कधी काही विचारलंच नव्हतं. भाऊंनी मात्र बैठकीत सांगून टाकलं की हे आसगावच्या पाणकराचं आहे, हिच्या बाबांचं. सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहायला लागले. ते कौतुकही भाऊंनी दिलेलं. मला ते घशाखाली उतरेना.

श्रावणात ते चुकले. दक्षिणेकडच्यांच्या किनाऱ्यावर वादळ येत होतं, त्यांनी मागितलं नव्हतं, पण भाऊंनी आपण होऊन त्यांना आमची संध्याकाळची पारी देऊन टाकली. देताना आमच्या उपग्रहाचं पोट किती भरलं आहे ते पाहिलं नाही. ते काठोकाठ भरलेलं होतं. उतरवायला पारी मिळाली नाही तेव्हा त्यानं जुन्या चित्रांवर नवी काढली, आणि पीकविमावाल्यांना कबूल केलेली पवनीकडच्या बांध्यांची सगळी चित्रं गेली. ती पुन्हा मिळणार नव्हती. पिकाचा तो दिवस निघून गेला होता.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, जिना चढताना मी गुणगुणत होते. बैठकीत मी शांतपणे म्हणाले, आपली थाळी असती तर आपल्या थाळीची पारी कुणाला द्यायचा प्रश्नच आला नसता. मालकाचा चेहरा पडलेला होता. भाऊंनी एवढंच म्हटलं की पारी दिली ते चुकलं नाही, आधी घरचं पोट पाहिलं नाही ते चुकलं, आणि ते माझं चुकलं. मालकानं मला स्टँडचं लोखंड मागवायला सांगितलं. मी त्याच दिवशी मागवलं. गच्चीवर गेले, बोल्टांवरचा गंज घासून काढला, तेल लावलं. रविवारी घरी फोन केला आणि आईला म्हटलं, बाबांना दे. बाबांना म्हटलं, माझी थाळी होणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "भाऊले कोनी काई बोललं त नाई ना?"

लोखंड यायच्या आधी वैनगंगा आली. वरच्या धरणांची दारं उघडली आणि नदीनं कारधा आणि भंडारा मधून तोडून टाकलं. पूल बंद. मी भंडाऱ्याच्या काठावर माणसांच्या गर्दीत उभी होते. पलीकडे मिलच्या अंगणात, जिथे भाऊ पाय ओढत फिरायचे, तिथे कमरेएवढं पाणी होतं. वीज गेलेली. गच्ची कोरडी होती. एवढ्या लांबून बोल्ट काही दिसले नसतील, पण मला माहीत होते, चारही. तिथे माझी थाळी असती तर ती त्या दिवशी विजेविना आकाशाकडे तोंड करून नुसती बसली असती. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझं तेवढं शिक्षण आहे.

भाऊ साकोलीला अडकले होते, त्यांच्याजवळ फक्त फोन. पण चित्रं उतरत होती. बर्फातल्या अँटेना वळत होत्या, आमच्या पाऱ्या कुणी मोडल्या नाहीत, आणि दक्षिणेकडच्यांनी तर न सांगता, न विचारता आपल्याही पाऱ्या एकामागून एक आम्हाला देऊन टाकल्या. चित्रं तिकडे उतरायची आणि तिथूनच सरळ जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे जायची, कोणत्या गावात पाणी शिरलं, कोणता रस्ता अजून उघडा आहे. मी खोलीत बसून मोबाइलवर त्याच चित्रांत आसगाव शोधलं. पाणी खालच्या बांध्यांपर्यंत होतं, वस्तीच्या बरंच अलीकडे. आदल्या फेरीच्या चित्राशी ताडून पाहिलं तर ते थांबलं होतं. मी लगेच घरी फोन लावला. हे सांगणारी मी पहिली असणार होते, निदान हे तरी. फोन लागला. मी म्हटलं, "बाबा, पानी गावात येत नाई, भिऊ नका." बाबा म्हणाले, "हो बाई, भाऊचा फोन येऊन गेला मंगाशीच."

दिवाळीनंतर मालकानं ठरवलं ते सांगायला नकोच. लोखंड परत गेलं. बोल्टांवर बायका आता वाळवणाच्या दोऱ्या बांधतात. भाऊ मात्र राहिले नाहीत. दक्षिणेकडच्या कंपनीनं त्यांना बोलावून घेतलं, आणि ते गेले, समुद्र एकदा पायाखाली घ्यायचा आहे म्हणत. जायच्या दिवशी त्यांनी अंगणात शेवटची फेरी मारली आणि म्हणाले की आमच्या घरी कापड होतं, धान नव्हतं, लहानपणी ज्यांच्या घरी धान असायचं त्या पोरांचा मला फार हेवा वाटायचा. ते माझ्याकडे पाहून म्हणाले. हेवा कसा असतो ते मला कुणी शिकवायला नको होतं.

त्यांचं काम मालकानं मला दिलं. आता स्टेशनांशी मी बोलते, खुर्चीत बसून. पहिला प्रश्न तोच विचारते, पारी कोण मोडू शकतं, कारण दुसरा प्रश्न त्याच्याहून चांगला मला अजून सुचलेला नाही. उत्तरेकडच्या बाईनं पहिल्याच फोनवर विचारलं, तो पायानं आवाज करत बोलणारा माणूस कुठे आहे? तुमच्याकडून तो आवाज येत नाही. मी म्हटलं, लाइन आता सुधारली आहे.

यंदा धानाच्या रोवणीच्या वेळी एक पेच पडला. आमच्याच दोन गिऱ्हाइकांना एकाच संध्याकाळची चित्रं हवी होती. दोघांचीही निकड खरी होती, दोघांचंही वाळून राहिलं होतं, आणि उतरवायला पारी एकच. करारात याचं उत्तर नव्हतं. पण हे तलावावर कधीतरी झालंच असणार. मी आसगावला फोन केला आणि बाबांना विचारलं, दोघांचेही पऱ्हे एकदमच वाळत असतील तर पाणी आधी कुणाला? आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना त्यांच्या कामाचं विचारत होते. बाबा म्हणाले, "भाऊले इचार ना. मी त्यायले सगळं सांगून देल्लो."

मी फोन ठेवला. मग भाऊंना लावला, कारण गिऱ्हाइकं थांबली होती. मागे लाटांचा आवाज होता. त्यांनी लगेच सांगितलं. तुझे बाबा म्हणतात, दोघांचंही वाळत असेल तर दोघांना तलावाच्या पाळीवर बोलवायचं, एकमेकांची बांधी एकमेकांना पाहून यायला लावायचं, आणि मग दोघांनीच सांगायचं. पाणकरानं निवाडा द्यायचा नाही. बहुतेकदा एक जण म्हणतोच, त्याचं आधी होऊ द्या. मी तसंच केलं, दोघांना एकमेकांची जुनी चित्रं दाखवली, आणि खरोखर एक जण थांबला. पण ते नंतर. फोनवर मी भाऊंना म्हटलं, तुम्ही माझ्या बापाकडून सगळं पिळून घेतलंत. हे मी हसत म्हणाले नाही.

भाऊ म्हणाले, "मी पाऱ्या शिकाले नोतो गेलो. पह्यल्या दिवशी वाटेत तुहं गाव लागलं, तहान लागली म्हनून तुह्या घरी थांबलो. तुह्या बाबानं इचारलं, माही पोरगी तिथं नेमकं काय करते, मले समजल असं सांगा. ते सांगता सांगता दिवे लागले. पारीचं त्यायनं बदल्यात सांगतलं." थाळीचंही भाऊंनीच समजावलं होतं, अंगणात परात आडवी-उभी धरून. त्यानंतर दर रविवारी बाबा भाऊंना पहिलं विचारायचे, थाळी बसली का. श्रावणात भाऊ चुकले तेव्हा बाबांना त्यांची काळजी वाटली हे खरं, पण माझा फोन ठेवल्यावर, थाळी होणार म्हणून, बाबांनी गावात पेढे वाटले होते. हे मला भाऊंनी सांगितलं. माझी थाळी ज्यांच्यामुळे बसली नाही, त्यांनी ती माझ्या बापाला परातीवर दाखवली होती.

मी म्हटलं, "ते सांगाची पारी माही होती, भाऊ."

"तुहीच होती," ते म्हणाले. "रिकामी जाऊन राहिली होती म्हनून घेतली. न मागता परत द्याची असते, तेवढं माह्याकडून राहून गेलं. घे आता."

त्या रविवारी मी आसगावला गेले, सण नसताना. बाबा ओसरीवर बसले होते. दिवेलागण होत होती. मी आईकडून परात मागून घेतली आणि पहिल्यापासून सुरू केलं, उपग्रह कुठून येतो, किती उंचावरून, रडार म्हणजे काय, क्षितिज कुठे संपतं. चांगला तासभर बोलले. बाबा मध्ये एकदाही उठले नाहीत. मान हलवत होते, परात माझ्या हातून घेऊन तिरपी करून पाहत होते, आकाशाकडे पाहत होते. माझं संपलं तेव्हा अंधार झाला होता. मी विचारलं, समजलं का?

"समजलं," बाबा म्हणाले. "पन भाऊ लवकर समजावत होते. तुले लय आयतवार लागतीन."

मी म्हटलं, लागू द्या. आणि भाऊंवर जळत जळत परात पुन्हा हातात घेतली.